ध्रुवपदाची ओढ

आमच्या जामखेडच्या वाड्यांत परवचा संपला कीं लहानथोरांनीं ओटीवर बसावयाचें, असा जुना परिपाठ. २००७ च्या दिवाळींत आमचा धाकटा पुतण्या पुण्याहून आला तो एक तबकडी घेऊन. पुण्याच्याच 'अग्नी' या रॉक बँडची ही पहिली तबकडी; तिचें नांवही तेंच. मोहन कन्नन यांचा गळा आणि कौस्तुभ ढवळे ऊर्फ कोको यांची गिटार, ही तिची मुख्य सामग्री. गिटारीचा झणत्कार कानीं पडतांच आम्हीं ती बंद करावयास सांगितली. पुतण्या कांहीं बोलला नाहीं. तबकडी घेऊन माडीवर निघून गेला. त्या रात्रीं ओटी ओकीओकी वाटली.

दुसरे दिवशीं आमच्या वृद्ध काकू फराळाचें ताट भरतां भरतां एक चाल गुणगुणत होत्या. विचारलें, तर म्हणाल्या, "अरे, माडीवरून ऐकूं आली. शब्द तर कबिराचेच आहेत!" आम्ही वरमलों. पुतण्यास खालीं बोलावून तें पद सबंध ऐकलें. खरोखरच कबिराचे दोहे! आमच्या वडिलांनीं ते आमच्याकडून पाठ करून घेतले होते. पुढच्या पिढीस ते देण्याचें मात्र आम्हांस सुचलें नव्हतें. तें काम या गिटारवाल्यांनीं केलें.

वाचकहो, अशा संगीताच्या मोहिनीचें मर्म साधें आहे. चाल थोडक्या स्वरांत फिरते, ध्रुवपद वारंवार परत येतें, ठेक्यावर पाय हलूं लागतो, आणि दुसऱ्या खेपेस ऐकणारा नकळत साथ करतो. पण हें गुपित आजचें नव्हे. कीर्तनकार निरूपणाच्या मध्येंच नामघोष कां धरतात? श्रोत्यांस डुलकी येऊं नये, आणि घरीं जातांना अर्थ ओठांवर राहावा, म्हणूनच. सोपी चाल म्हणजे हलकेपणा नव्हे. तें वाहन आहे. त्यांत काय बसविलें आहे, तें पाहावें.

सर्वच पदें या तोलाचीं नाहींत; कित्येक जागीं गिटार शब्दांच्या पुढें धांवते, असें आमच्या कानांस वाटलें. तरी मुलांच्या आवडीस दार लावण्यापूर्वीं निदान एक पद सबंध ऐकावें. नाहीं तर मुलें माडीवर आणि आपण ओटीवर, असें घर दुभंगावयास वेळ लागत नाहीं.

त्या रात्रीं परवचा झाल्यावर काकूंनींच हांक मारली, "अरे, तुझा कबीर लावतोस ना?"