कोऱ्या ताग्याचे राजकारण

आज ७ ऑगस्ट, राष्ट्रीय हातमाग दिन. १९०५ साली याच तारखेला कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये स्वदेशीची हाक दिली गेली, म्हणून २०१५ पासून हा दिवस साजरा होतो. यंत्रमागांच्या भिवंडीने त्याचे काय करायचे? इथल्या अनेक मोमीन घराण्यांचा पिढीजात धंदा हातमागाचाच. पुढे विजेवरचे माग आले, आणि १९८२ च्या संपाने मुंबईच्या गिरण्या बसल्यावर त्यांची खटखट आणखी वाढली. आज कौतुक मात्र हाताच्या विणीचे, आणि आठवड्याने तिरंग्याचे.

भिवंडीला ‘भारताचे मँचेस्टर’ म्हणवून घेण्याची आपल्याला हौस आहे. खऱ्या मँचेस्टरचे व्यापारी हिंदुस्थानात पाठवायच्या ताग्यांवर कृष्ण, लक्ष्मी, राजेमहाराजे यांची रंगीत लेबले चिकटवत. गिऱ्हाइकाला अक्षरओळख नसली तरी देव ओळखता येत होता. साहेबाचा माल असा आपल्याच देवाचे बोट धरून घरात शिरला. देशी गिरण्यांनीही ही युक्ती उचलली; त्यांच्या लेबलांवर भारतमाता आली.

गांधीजींनी डावच बदलला. ३१ जुलै १९२१ रोजी परळला एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारात विलायती कपड्यांची होळी पेटली. तो प्रचारच होता. तसे म्हणायला संकोच कशाला? पण खादीला लेबलाची गरज नव्हती. तिचे जाडेभरडे पोतच सगळे सांगून जाई. काँग्रेसने १९३१ साली स्वीकारलेल्या झेंड्यावर चरखा होता. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने त्या जागी अशोकचक्र घेतले. चिन्ह बदलले तरी कापडाची अट टिकली: हाताने कातलेले, हाताने विणलेले. म्हणून तर झेंडा म्हटला की हुबळीच्या बेंगेरीचे, आपल्याकडे नांदेडचे नाव निघे. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने पॉलिएस्टर आणि यंत्रावरचे कापडही चालू लागले, आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये ‘हर घर तिरंगा’ आला.

झेंडा स्वस्त झाला, घरोघरी पोचला. त्यावर नाक मुरडण्याचा अधिकार निदान यंत्रमागाच्या गावाला नाही. पण पूर्वी झेंडा कोणी विणला यालाही अर्थ होता. आता सारा अर्थ छपाईत आहे, विणणारा कोणीही चालतो. भिवंडीतून बराचसा माल ‘ग्रे’, म्हणजे कोराच, बाहेर पडतो. रंग आणि छपाई पुढे दुसऱ्या गावी. मीटरमागे मजुरी घेणाऱ्या कामगाराला आपले कापड कोणाच्या सभेत फडकणार हे कळायला मार्ग नाही.

झेंड्याची ताकद मात्र या गावाने रस्त्यावर पाहिली आहे. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी इथे दंगल उसळली. न्यायमूर्ती मादन यांच्या चौकशी आयोगाला मिरवणुकीचा मार्ग, घोषणा, गुलाल, झेंडे असा सगळा तपशील तपासावा लागला. १९८४ ला पुन्हा तेच. दोन्ही वेळा माग थांबले, आणि हातावर पोट असलेल्यांची चूल विझली, मग ते कोणत्याही मोहल्ल्यातले असोत.

हातमाग दिनाच्या सरकारी जाहिरातीत पैठणी झळकेल, झळकावीच. तिच्याबरोबर येवल्याचे, पैठणचे नावही झळकते. यंदा वाटल्या जाणाऱ्या झेंड्यांच्या पाकिटावर कापड कुठल्या गावात विणले, एवढी एक ओळ छापायला सरकारला फार खर्च येणार नाही. खासदार-आमदारांनी १५ ऑगस्टच्या भाषणाआधी एवढे मागून घ्यावे.