उपाशी वासरू आणि दुग्धविकास

महाराष्ट्र शासनाने 2024 साली गाईच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान दिले आणि दुग्धव्यवसायाची सारी चर्चा पुन्हा दराभोवती फिरू लागली. दराचा प्रश्न गौण नाही. परंतु वैजापूर, गंगापूर, पैठणकडील गोठ्यांत पुढील वेताचे दूध ठरते ते वासराच्या पहिल्या दिवसांत, याचे भान या चर्चेत क्वचितच दिसते.

वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात रोगप्रतिकारक द्रव्ये जवळजवळ नसतात. ती चिकातून मिळतात, आणि ती शोषून घेण्याची आतड्याची शक्ती 24 तासांत संपुष्टात येते. 30 किलोच्या वासराला पहिल्या काही तासांत 3 लिटर चीक मिळावयास हवा. वार पडेपर्यंत वासराला पाजू नये ही समजूत आणि घराघरांतील खरवसाची आवड नेमकी याच वेळेवर घाला घालतात. पुढील पोषणाचेही तेच. दूध तुटण्यापूर्वीच्या रोजच्या वजनवाढीत 100 ग्रॅमांची भर पडल्यास पहिल्या वेतात सुमारे 85 किलो दूध अधिक मिळते, असे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या कळपावरील अभ्यासातून 2012 साली दिसून आले. तेथील गाई व चारा निराळा; आकडा येथे जसाच्या तसा लागू होणार नाही, दिशा मात्र तीच राहील.

याचा अर्थ शेतकरी अडाणी आहे असा नव्हे. वासराला पाजलेले दूध म्हणजे आजची बुडालेली रोकड. तिचा मोबदला येणार तो कालवड विल्यावर, म्हणजे सुमारे तीन वर्षांनी. 2012-13 व 2018-19 चे दुष्काळ सोसलेल्या कुटुंबाला एवढा धीर परवडत नाही. लिटरमागे दिलेल्या अनुदानाने तर विकलेल्या दुधाचे मोल वाढते आणि वासराच्या वाट्याचे दूध अधिकच महाग होते. शासन अशा रीतीने आजच्या उत्पन्नाला उत्तेजन देते आणि उद्याच्या भांडवलाची झीज नकळत वाढविते.

केरळात 'गोवर्धिनी' योजनेतून संकरित कालवडींसाठी सवलतीच्या दरात खाद्य दिले जाते. मराठवाड्यातही 2016 पासून राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या साहाय्याने दुग्धविकास प्रकल्प चालू झाला आहे. अनुदानाचा काही अंश लिटरऐवजी सहा महिन्यांच्या सुदृढ कालवडीमागे देणे त्यामुळे अशक्य नाही. अनुदानासाठी जनावरांच्या कानांतील बिल्ल्यांची नोंद सक्तीची केलीच होती. तीच नोंद कालवडीपर्यंत नेली म्हणजे झाले. दूध वाढविण्याच्या योजना दुधापासूनच सुरू होत राहिल्या, तर मराठवाड्याच्या गोठ्यातील गाय दर पिढीस नव्याने अशक्तच उभी राहील.