वाळूतील शेणखत : टनांआधी पोत पाहावा

जबलपूरच्या कांचघर भागापासून काही कोसांवर नर्मदेचा काठ लागतो. जिल्ह्यात काळी, चिकण जमीन मुबलक. नदीच्या पात्रात मात्र निव्वळ वाळू. त्या वाळूत कलिंगड, खरबूज, काकडी घेणारे शेतकरी खत सर्वत्र पसरत नाहीत. खड्डे किंवा चर खोदून वेलाच्या मुळाशीच भरतात. या रीतीमागे पक्के मृदाशास्त्र आहे. शिफारशीच्या कागदावर मात्र सर्व जमिनींना तेच टन लिहिले जातात.

चिकणमातीचे कण सेंद्रिय पदार्थाला वेढून त्याचे रक्षण करतात. वाळूत ते कवच नसते. हवा खेळती, जमीन लवकर तापणारी; त्यामुळे ओल असेपर्यंत कुजणे वेगाने चालते, मोकळा झालेला नत्र नायट्रेट होऊन पाण्याबरोबर मुळांखाली उतरतो. ओल संपली की कुजणे थांबते आणि अर्धकच्चे खत तसेच पडून राहते. 10 टन शेणखतात साधारण 50 किलो नत्र असते. त्यातील सुमारे तिसरा हिस्साच पहिल्या पिकाच्या वाट्याला येतो. पेरणीच्या फार आधी एकदम टाकल्यास वाळूत तोही घटतो.

अर्धकच्च्या खताचे दुसरे संकट किडींचे. कोरड्या, हलक्या जमिनीत न कुजलेले काड वाळवीला आमंत्रण देते. पहिल्या वळवाबरोबर बाहेर पडणारे हुमणीचे भुंगेरे हलक्या जमिनीत अंडी घालतात. लहान अळ्या आधी सेंद्रिय पदार्थावर जगतात, मग मुळांकडे वळतात. कोकणच्या पुळणीत नारळाचा शत्रू असलेला गेंड्या भुंगा तर उकिरड्यातच वाढतो.

खतात दिसणारी प्रत्येक पांढरी अळी मात्र शत्रू नव्हे. सपाट जागी ठेवल्यावर जी पाठीवर सरकते, ती फुलभुंग्याची अळी. ती खत कुजवण्यास हातभार लावते. बाकीच्या अळ्या वेचून नष्ट कराव्यात. ढीग अधूनमधून खालवर करावा, ओलसर ठेवावा आणि त्यात मेटारायझियम बुरशी मिसळावी. खत काळपट, भुसभुशीत, दुर्गंधीरहित झाले आणि आत हात घातल्यास ऊब लागली नाही, म्हणजे ते पक्व झाले.

वालुकामय जमिनीत असे पक्व खत थोडे थोडे, हप्त्याने, मुळांजवळ द्यावे व वर आच्छादन ठेवावे. एकदाच मोठी मात्रा देऊन वर्षभर निश्चिंत राहण्याची सोय वाळू देत नाही.

2015 साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत 12 घटक तपासले जातात. त्यांत सेंद्रिय कर्ब आहे, जमिनीचा पोत नाही. विस्तार कार्यकर्त्याने ती उणीव शेतावर भरून काढावी : मूठभर ओली माती वळून पाहावी, खताचा ढीग उकरून पाहावा आणि मगच टनांचा आकडा सांगावा. खताचा खर्च आणि पिकाची मुळे, दोन्ही या पाच मिनिटांच्या तपासणीवर अवलंबून आहेत.