विश्लेषण : साधा ‘फ्रेंच’ वेडिंग गाऊन सेकंडहँड घ्यावा का? घेताना काय तपासावे?

लग्नाचा पांढरा गाऊन बहुतेक वेळा एकदाच आणि काही तासांसाठीच घातला जातो. नंतर तो वर्षानुवर्षे कपाटात पडून राहतो. त्यामुळे फ्रान्ससह युरोपातील अनेक वधू डिझायनर गाऊन सेकंडहँड घेतात. हा निर्णय शहाणपणाचा आहे. मात्र जो गाऊन दिसायला सर्वांत साधा, तोच निवडायला सर्वांत अवघड असतो.

‘फ्रेंच शैली’ म्हणजे काय?

कमीत कमी सजावट, उत्तम कापड आणि अचूक बेतणे. मणी, टिकल्या, लांबच लांब घेर यांना फाटा. फ्रान्समध्ये कायद्याने फक्त नगरपालिकेतील विवाहच ग्राह्य धरला जातो आणि धार्मिक विधी त्यानंतरच होतो. नगरपालिकेतील छोटेखानी समारंभाला सुटसुटीत पोशाख शोभतो. रिम अरोदाकी यांच्यासारख्या पॅरिसच्या डिझायनर अशा आधुनिक, साध्या गाऊनसाठी ओळखल्या जातात.

या शैलीचे मूळ मात्र जुने आहे. १९२०च्या दशकात पॅरिसमध्ये मादलेन व्हिओने यांनी ‘बायस कट’ला प्रतिष्ठा मिळवून दिली. १९९६ मध्ये कॅरोलिन बेसेट यांनी जॉन एफ. केनेडी ज्युनियर यांच्याशी विवाह करताना घातलेला रेशमी गाऊन याच पद्धतीने कापलेला होता. त्याचे डिझायनर नार्सिसो रॉड्रिगेझ अमेरिकी होते.

साध्या गाऊनला एवढे पैसे कशाचे?

पैसे कापडाचे आणि कापणीचे. बायस कटमध्ये कापड उभ्या-आडव्या धाग्यांना ४५ अंशांच्या कोनात कापतात. त्यामुळे विणलेले कापडही किंचित ताणले जाते आणि अंगावर वाहते. यासाठी कापड जास्त लागते आणि चुकीला जागा राहत नाही. भरजरी गाऊनमध्ये शिलाईतील खोट लेसखाली झाकता येते, सपाट साटनवर ती लगेच दिसते.

सेकंडहँड खरेदीतील मेख इथेच आहे. एकदा उसवलेल्या शिवणीची सुईची भोके रेशमी साटनवर कायम राहू शकतात. म्हणून फोटोत गाऊन छान दिसतो, एवढ्यावर पैसे भरू नयेत.

काय तपासावे?

माप : फ्रेंच ३८ म्हणजे साधारण ब्रिटिश १० आणि इटालियन ४२. पण लेबलवर विसंबू नये. पहिल्या वधूच्या अंगाप्रमाणे गाऊन बदललेला असण्याची शक्यता मोठी. छाती, कंबर, नितंब आणि उंची यांची मापे विक्रेत्याकडून घ्यावीत. पहिल्या वधूने किती उंच टाचांचे बूट घातले होते, हेही विचारावे.

मार्जिन : थोडा सैल गाऊन आत घेता येतो. घट्ट गाऊन सोडवायला शिवणीत जादा कापड हवे. उंचीसाठी खालून कापून टाकलेले कापड तर परत येत नाही. आतल्या शिवणींचे फोटो मागावेत.

डाग : शॅम्पेन किंवा सरबताचा डाग सुरुवातीला दिसत नाही. त्यातील साखर काळानुसार पिवळी-तपकिरी होते. काखा, कंबर आणि खालची किनार यांचे दिवसाउजेडातले फोटो हवेत. ड्रायक्लीन कधी केले, हे विचारावे.

ठेवण : बायस कटचा गाऊन हँगरवर बराच काळ लटकला तर स्वतःच्या वजनाने ओघळतो. आडवा ठेवलेला गाऊन केव्हाही बरा.

अस्सलपणा आणि हिशेब : मूळ बिल पाहावे. व्यवहार खरेदीदाराला संरक्षण देणाऱ्या प्लॅटफॉर्मवरूनच करावा. २००९ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झालेले ‘व्हेस्टिएर कलेक्टिव्ह’ हे त्यातले एक. किमतीत अल्टरेशन, ड्रायक्लीन आणि कुरिअरचा खर्च मिळवावा. बेरीज नव्या गाऊनच्या जवळ जात असेल, तर तो सोडून द्यावा.

आपल्याकडे याचा संबंध काय?

वसई, मुंबई आणि गोव्यातील ख्रिस्ती लग्नांत पांढरा गाऊन रूढ आहे आणि तो भाड्यानेही मिळतो. दुसरीने घातलेला गाऊन ही इथे नवलाई नाही. परदेशातून मागवायचा असेल, तर वापरलेल्या कपड्यांच्या आयातीचे नियम आणि सीमाशुल्क आधी तपासावे. प्रत्यक्ष घालून पाहता येईल असा गाऊन जवळपास मिळाला, तर उत्तमच.

मग अडते कुठे?

अडते ते ‘उतरलेला कपडा’ या शब्दांशी. नवरदेवाची शेरवानी भाड्याची असली तर कुणी भुवया उंचावत नाही. आजीची पैठणी नातीने नेसली तर कौतुक होते. पण अनोळखी बाईचा गाऊन म्हटला की तो थेट बोहारणीच्या गाठोड्यात जाऊन बसतो. पांढऱ्या गाऊनची प्रथा जिच्यामुळे रुजली, त्या राणी व्हिक्टोरियाने १८४०च्या आपल्या विवाहवेषावरची लेस पुढेही वापरली. २०२० मध्ये राजकन्या बिएट्रिस यांनी आजीचा, म्हणजे राणी एलिझाबेथ यांचा जुना गाऊन बदल करून लग्नात घातला. राजघराण्यात जो वारसा ठरतो, तो मध्यमवर्गीय घरात कमीपणा ठरण्याचे कारण नाही.

आजीच्या वस्त्रात नाते असते आणि परक्या वस्त्रात ते नसते, हा आक्षेप खरा आहे. नवाच गाऊन हवा, ही इच्छाही चुकीची नाही. चूक आहे ती ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीने काही तासांच्या कपड्यासाठी आईवडिलांची बचत मोडण्यात किंवा कर्ज काढण्यात. बचतीतून घेतलेला सेकंडहँड गाऊन नवा म्हणून सांगायची वेळ कोणत्याही मुलीवर येऊ नये. ती जबाबदारी तिची नाही, विचारणाऱ्यांची आहे.