नुसतं बघायचे पैसे

२०२३ च्या जुलैतल्या एका रविवारी आम्ही मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट भिंतीपासून ओढलं, तेव्हा त्याच्यामागे काळ्या-हिरवट बुरशीचा एक मोठा पट्टा उमटलेला दिसला. रंगाचे पोपडे फुगले होते, खाली पांढरी भुकटी सांडली होती आणि ओली गोधडी पेटीत कोंडून ठेवावी तसा वास येत होता. ठाण्यात राहणाऱ्या माणसाला भिंतीची ओल नवी नाही. पण त्या खोलीत आमची सहा वर्षांची नात झोपते आणि जूनपासून तिचा खोकला हटत नव्हता. ‘घरात कुठे ओल आहे का?’ असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी ठणकावून सांगितलं होतं, ‘छे, दरवर्षी रंग देतो आम्ही.’

उत्तर खरं होतं. चूकही तीच होती.

तीन वर्षांत तीन कारागीर आले. पहिल्याने ब्लीचचं पाणी फासून डिस्टेंपर मारला. दुसऱ्याने खरवडून पुट्टी भरली आणि ‘बुरशी न धरणारा’ महागडा रंग दिला. तिसऱ्याने कसलंसं रसायन लावून दहा वर्षांची हमी दिली, तीही व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेनाने लिहून. तिघांनीही भिंत फुकट पाहिली आणि ज्याच्या पिशवीत जे औषध होतं, तोच रोग त्याला दिसला. दर गोकुळाष्टमीला बुरशी आपल्या जागी हजर!

जाता जाता तिसरा म्हणाला, ‘साहेब, पाणी वरच्यांच्या बाथरूममधून येतंय.’ झालं! आमच्या वर एक निवृत्त शिक्षक राहतात. सोसायटीला बँकेच्या भाषेत दोन पत्रं लिहून मी त्यांना बाथरूमच्या लाद्या उखडायला लावल्या. बत्तीस हजार रुपये त्यांनी मुकाट्याने खर्च केले. पुढच्या पावसात ओल होती तिथेच होती, आणि आम्ही लिफ्टमध्ये भेटलो तरी एकमेकांकडे बघेनासे झालो होतो.

शेवटी सूनबाई म्हणाली, ‘बाबा, घरावर कर्ज देताना तुम्ही आधी व्हॅल्युअर पाठवायचात ना? मग आपलं घर बघायला रंगारी का बोलावता?’

मी निरुत्तर झालो. कर्जदाराने स्वतःच ठरवलेली किंमत मी कधी मान्य केली नसती. तपासणारा वेगळा आणि पैसे घेणारा वेगळा, या नियमावर माझी सारी नोकरी गेली. तरी इमारतींची तपासणी करणाऱ्या एका सिव्हिल इंजिनिअरने फी सहा हजार सांगितली, तेव्हा माझ्या तोंडून निघालंच, ‘नुसतं बघायचे सहा हजार?’

त्याने बघितलं मात्र नीट. ओल मोजण्याचं यंत्र भिंतीला ठिकठिकाणी लावलं. छताजवळ भिंत जवळजवळ कोरडी होती आणि खिडकीखालच्या कोपऱ्यात ओल सर्वांत जास्त. वरच्या बाथरूमच्या मोरीला बोळा लावून रंगीत पाणी चोवीस तास तुंबवून ठेवलं. आमच्याकडे थेंबही आला नाही. मग तो इमारतीच्या मागे गेला. बाहेरच्या गिलाव्याला लांबलचक चीर होती, पाइपापाशी पिंपळ उगवला होता आणि खिडकीच्या कठड्याचा उतार बाहेर असायचा तो आत होता. त्यात आमचं कपाट भिंतीला चिकटलेलं, म्हणजे वाराही बंद. तीन पानी अहवाल देऊन तो गेला. दुरुस्तीचं काम तो स्वतः घेत नाही, हे मला सर्वांत आवडलं.

अहवालात कामांचा क्रम होता. आधी बाहेरून पाणी थांबवायचं, मग भिंत वाळू द्यायची, मग सडलेला गिलावा आणि बुरशी काढायची, मग नवा गिलावा, आणि रंग सर्वांत शेवटी. आपण नेमकी शेवटापासून सुरुवात करतो. बुरशी काढण्याचीही रीत असते. आमच्या रंगाऱ्याने पंखा चालू ठेवून भिंत कोरडीच खरवडली होती. नातीच्या गादीवर वर्तमानपत्र टाकलं की झालं, असं आम्हाला वाटलं. जाणत्या माणसांनी दाराला प्लास्टिक लावलं, पंखा बंद केला, भिंत भिजवून मग खरवडली, तोंडाला एन-९५ मास्क लावले आणि सगळा कचरा पिशव्यांत बांधून नेला. मेलेल्या बुरशीचे कणही श्वासातून त्रास देऊ शकतात. म्हणून ब्लीचने ती नुसती मारून भागत नाही, काढावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातल्या ओल आणि बुरशीबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. दमा आणि श्वसनाच्या तक्रारींशी ओलीचा संबंध त्यांत स्पष्ट नोंदला आहे. न्यू यॉर्क राज्यात २०१६ पासून बुरशी तपासणाऱ्याला आणि काढणाऱ्याला वेगवेगळे परवाने लागतात, आणि एकाच जागेची दोन्ही कामं एकाला करता येत नाहीत. इंग्लंडमधल्या रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा गेला. घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्याने झालेल्या श्वसनविकाराने तो गेला, असा निष्कर्ष २०२२ मध्ये मृत्यूच्या चौकशीत निघाला. त्याच्या वडिलांनी २०१७ मध्येच तक्रार केली होती. त्यांना सांगण्यात आलं होतं, वरून रंग मारा! पुढे तिथे त्या मुलाच्या नावाने कायदा झाला. ही हकिगत वाचली, तेव्हा डॉक्टरांना दिलेलं माझं उत्तर मला आठवलं.

आपल्याकडे बुरशी काढण्यासाठी असा परवाना नाही. म्हणून चौकशी आपणच करायची. शिक्षण काय, पाणी कुठून येतं ते लेखी देणार का, आणि दुरुस्तीचा माल तोच विकणार का, हे विचारायचं. प्रत्येक ठिपक्यासाठी इंजिनिअर बोलवा, असं मी म्हणत नाही. साधारण तीन फूट बाय तीन फुटांपर्यंतची बुरशी, पाण्याचं कारण ठाऊक असेल तर, मास्क लावून साबणाच्या पाण्याने घरीच पुसता येते. मात्र दमेकऱ्याला आणि मुलांना त्या वेळी दुसऱ्या खोलीत ठेवावं. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढायला तर काहीच पडत नाही. आणि पावसाचं पाणी बाहेरच्या भिंतीतून येत असेल, तर ती दुरुस्ती आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीने करायची असते. साऱ्या इमारतीची तपासणी एकदम केली, तर फीचा वाटा प्रत्येकाला झेपेल एवढाच येतो.

माझ्या लहानपणी कोकणातल्या घरी मे महिन्यात शाकारणीला एक म्हातारे गृहस्थ येत. ते कौलांवर चढून बराच वेळ नुसते बघत बसायचे. कधी चारच कौलं बदलायचे, पण आजोबा पूर्ण दिवसाची मजुरी देत. पैसे नजरेचे आहेत, हे त्यांना कळत होतं. आम्ही शिकलेले लोक ते विसरलो.

अहवाल घेऊन मी वरच्या सरांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून तो पेपर तपासावा तसा वाचला. ‘सर, तुमच्या बत्तीस हजारांचं मी काय करू?’ मी विचारलं.

‘ते राहू द्या. नातीचा खोकला कसा आहे?’

तिचा खोकला दिवाळीपर्यंत गेला. तो कशाने गेला, हे मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण पुढच्या वार्षिक सभेत साऱ्या इमारतीच्या तपासणीचा ठराव मी मांडला आणि सरांनी अनुमोदन दिलं. मागून कोणीतरी विचारलंच, ‘नुसतं बघायचे एवढे पैसे?’

उत्तर द्यायला आम्ही दोघेही एकदम उभे राहिलो.