‘सागर कवच’ संपलं, पुढे काय? सरावात झालेली चूक बंदरावर कळायला हवी

अलिबाग | प्रतिनिधी

रायगडच्या किनाऱ्यावर मधूनच एकदम धावपळ सुरू होते. नाक्यावर नाकाबंदी, जेट्टीवर पिशव्यांची झडती, होडीच्या कागदांची तपासणी. दोन दिवसांत सगळं शांत. "काही नाही, सागर कवच होतं," म्हणत गाव आपल्या कामाला लागतं. पण हा सराव एवढा हलक्यात घेण्यासारखा नाही.

१९९३ मध्ये मुंबईतल्या बॉम्बस्फोटांसाठीचं आरडीएक्स श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला उतरलं. स्फोटांत २५७ माणसं गेली. २६ नोव्हेंबर २००८ ला अतिरेकी पुन्हा समुद्रातूनच मुंबईत आले. त्यानंतर २००९ मध्ये सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आली. तटरक्षक दल, सागरी पोलीस, कस्टम, मत्स्यव्यवसाय विभाग आणि मच्छीमार या सगळ्यांनी मिळून काम करायचं ठरलं.

सराव कशासाठी?

कागदावर ठरलेलं अंगवळणी पडतंच असं नाही. बांधावर बसून पोहणं येत नाही, पाण्यात उतरावं लागतं. म्हणून सागर कवचमध्ये एक लाल गट घुसखोर बनतो आणि खोटी स्फोटकं घेऊन किनाऱ्यावर उतरायचा प्रयत्न करतो. निळ्या गटाने त्याला अडवायचं. देशाच्या सगळ्या किनाऱ्यावर एकाच वेळी होणारा नौदलाचा ‘सी व्हिजिल’ सराव जानेवारी २०१९ पासून सुरू झाला.

यात पकडापकडीपेक्षा निरोप महत्त्वाचा. मच्छीमाराने पाहिलेली होडी पोलीस ठाण्याला किती वेळात कळली? ठाण्याने पुढे कोणाला कळवलं? निरोप कुठे अडकला? ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरजवळ माणूस नसलेली नौका लागली. आत तीन एके-४७ सापडल्या, सगळीकडे नाकाबंदी झाली. नौका परदेशी, खवळलेल्या समुद्रात सोडून दिलेली निघाली. पण त्या दिवशी कोणाला ते माहीत नव्हतं. अशा वेळी सरावात लागलेली सवयच कामाला येते.

कच्चे दुवे

सरावाची तारीख आधीच फुटली तर दोन दिवसांपुरती जाग येते, खरी परीक्षा होत नाही. दुसरं म्हणजे सरावाचा आढावा साहेबांच्या बैठकीत होतो. लाल गट कुठून शिरला हे उघड सांगू नये, ते बरोबरच. पण "निरोप उशिरा आला, पुढच्या वेळी असं करा," एवढं तरी कोळीवाड्यात आणि सागर रक्षक दलाच्या पोरांना सांगायला काय हरकत आहे? चूक कळलीच नाही तर ती सुधारणार कशी?

तिसरा मुद्दा पोटाचा. तपासणीत होडी ताटकळली की बर्फ वितळतो, मासळीचा भाव पडतो. खबर देणाऱ्यालाच ठाण्यात हेलपाटे पडले तर पुढच्या वेळी तो गप्प बसेल. समुद्रावर रात्रंदिवस असतो तो मच्छीमारच, गस्ती नौका प्रत्येक खाडीत नसते. त्याला संशयित म्हणून नाही, तर सोबती म्हणून सरावात घेतलं पाहिजे.

पुढचा सराव झाल्यावर ग्रामसभेत हा प्रश्न विचारायला हवा. तोवर संशयास्पद होडी दिसली तर सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे नंबर मोबाईलमध्ये ठेवावेत.