विलायतेत बाहेर जेवताना

आपलं दिघी आळंदीच्या वाटेवरचं. माउलींची पालखी याच रस्त्यानं पुण्याकडे जाते, तेव्हा गळ्यात माळ असलेली घरं इकडे पुष्कळ. दुसऱ्या अंगाला लष्कर आणि कारखाने. दिघीच्या टेकडीवर १९९४ पासून आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे. पिंपरीच्या टाटा मोटर्सनं २००८ साली जग्वार लँड रोव्हर विकत घेतली आणि आपल्याकडच्या लोकांच्या बोलण्यात कॉव्हेंट्रीचं नाव येऊ लागलं. अशा भागातली मुलं-मुली इंग्लंडला शिकायला, नोकरीला जायचीच. मागोमाग आईला बोलावणं येतं.

मग पिशवीत मेतकूट, भाजणी, लोणचं भरलं जातं. ते जरूर न्या. (दूधदुभत्याचे पदार्थ मात्र तिकडे नेऊ देत नाहीत. तूप-पेढे घरीच ठेवा.) खरी अडचण येते ती रविवारी. लेक-जावई म्हणतात, ‘‘आई, चला, आज इथलं काहीतरी खाऊ.’’ आणि आई म्हणते, ‘‘तुम्ही जा गं, मी घरीच वरणभात टाकते.’’ एकदा असं झालं की मुलंही जायची थांबतात. त्यांचा रविवार जातो, आणि आईचे तीन महिने लेकीच्या स्वयंपाकघरातच सरतात. सोबत गेलीच, तर पाण्याचा पेला पुढे घेऊन बसते आणि घासागणिक मुलांना अपराधी वाटतं.

यातलं काहीही व्हायची गरज नाही. नेम मोडायला नको आणि उपाशी बसायलाही नको. पदार्थांची नावं ओळखता यावीत आणि विचारण्याचा संकोच नसावा, एवढंच लागतं.

हा प्रश्न आजचा नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, वाँटेज इथल्या जोगिणींच्या मठात राहिल्या, पुढे चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकवू लागल्या. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण मांसाहार स्वीकारला नाही. मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांना हा जुन्या जातीचा अहंकार वाटे. त्यावर रमाबाईंनी जे उत्तर लिहिलं, त्यात पाय आणि पुडिंगांचाही उल्लेख आहे. धर्म बदलला तरी आपल्या ताटात काय असावं ते आपणच ठरवू, असा त्यांचा बाणा होता. आणि हे सारं त्या लोकांत राहून, त्यांच्याच पंगतीला बसून! घरात दार लावून नव्हे.

आता नावांकडे वळू. इंग्रजी पदार्थांची नावं फार फसवी. ‘पुडिंग’ म्हटलं की आपल्याला गोड आठवतं. पण यॉर्कशायर पुडिंग गोड नसतं. ते मैदा, दूध आणि अंड्याचं, भाजलेल्या मांसाबरोबर वाढायचं. ब्लॅक पुडिंग तर डुकराच्या रक्ताचं. नाताळचं ख्रिसमस पुडिंग गोड खरं, पण जुन्या रीतीनं त्यात स्युएट, म्हणजे गुरांची चरबी घालतात. ‘मिन्समीट’ नावात मांस असून आत मनुका-सफरचंदं असतात, पण तिथंही स्युएटची शंका घ्यावीच. याउलट नुसतं ‘मिन्स’ म्हणजे खिमा, आणि तोही बहुधा गोमांसाचा. जेलीत जिलेटिन असतं, ते जनावरांच्या हाडा-कातड्याचं. ‘केजरी’ हे आपल्या खिचडीचंच बिघडलेलं नाव. पण त्या खिचडीत धुरावलेला मासा आणि उकडलेली अंडी असतात!

ज्या घरी मटण-मासळी चालते पण गोमांस चालत नाही, त्यांनी एक भेद पक्का लक्षात ठेवावा. शेफर्ड्स पाय म्हणजे मेंढीचा खिमा आणि वर कुस्करलेला बटाटा. कॉटेज पाय दिसायला अगदी तसाच, पण खिमा गोमांसाचा. मासे खाणाऱ्यांना फिश अँड चिप्स सोपं. दुसऱ्या महायुद्धात बहुतेक खाण्यावर रेशन आलं, पण हे मोकळंच राहिलं, इतकं ते तिथल्या गरिबांचं हक्काचं जेवण. मात्र माशावरच्या पिठात कधी कधी बिअर असते. चिप्सही काही दुकानांत, विशेषतः यॉर्कशायरकडे, गुरांच्या चरबीत तळतात. नुसते बटाटे म्हणून शाकाहारी बाईनं बिनधास्त तोंडात टाकू नयेत. आधी ‘‘कशात तळता?’’ असं विचारावं.

मग खायचं तरी काय, असं म्हणाल. पुष्कळ आहे.

जॅकेट पोटॅटो म्हणजे सालासकट भट्टीत भाजलेला भलामोठा बटाटा. वर लोणी, चीज किंवा टोमॅटोच्या रसातले घेवड्याचे दाणे. एकादशी असली तर नुसतं लोणी आणि मीठ मागा, उपासाचं काम झालं! कॉलिफ्लॉवर चीज म्हणजे पांढऱ्या सॉसमधला भाजलेला फ्लॉवर. प्लाउमन्स लंच म्हणजे नांगरट्याची न्याहारी: पाव, चीज, कांदा, सफरचंद आणि आंबटगोड लोणचं. आपल्या भाकरी-कांदा-ठेच्याचाच हा भाऊ. गंमत म्हणजे हे नाव फार जुनं नाही. चीजचा खप वाढावा म्हणून विक्रेत्यांनीच ते गेल्या शतकात गाजवलं. थाळीत हॅम ठेवायची पद्धतही आहे, म्हणून ‘‘हॅम नको’’ हे आधी सांगावं. चीज विरजायला कधी वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. ते चालत नसेल तर शाकाहारी चीज आहे का, तेही विचारा.

दुपारी क्रीम टी घ्याच. चहाबरोबर स्कोन नावाचा खुसखुशीत पाव, जॅम आणि क्लॉटेड क्रीम. हे क्रीम म्हणजे मंद आचेवर धरलेली दाट साय. डेव्हनमध्ये आधी साय मग जॅम, कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम मग साय, यावरून त्यांच्यात वाद! स्कोनवर कधी अंडं फासतात, तेवढं विचारून घ्या.

गोडात ॲपल क्रम्बल घ्यावं. भाजलेल्या सफरचंदांवर लोण्यातल्या मैद्याचा रवाळ थर, आणि वर कस्टर्ड. आपण फळं घालून करतो ती कस्टर्ड पावडर १८३७ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी काढली, कारण त्यांच्या पत्नीला अंडं सोसत नसे. एका बाईच्या पथ्यापायी साऱ्या जगाला बिनअंड्याचं कस्टर्ड मिळालं! पण मोठ्या हॉटेलात कस्टर्ड अंड्याचंही करतात. म्हणून ‘‘पावडरचं की अंड्याचं?’’ हे विचारावं.

विचारायचं कसं? आपल्यासारखा हिरवा ठिपका तिकडे सक्तीचा नाही. यादीत पदार्थापुढे ‘व्ही’ अक्षर असलं तर शाकाहारी. पण त्यांच्या शाकाहारात अंडं बसतं. ‘व्हीगन’ लिहिलं असेल तर दूध-अंडंही नसतं. २०१४ पासून तिथं नियम आहे की, ॲलर्जी होऊ शकणाऱ्या चौदा जिन्नसांची माहिती गिऱ्हाइकाला देता आलीच पाहिजे. त्यांत अंडं आणि मासे येतात. तेव्हा हे विचारणं म्हणजे कुणाला त्रास देणं नव्हे. मांस, चरबी, जिलेटिन मात्र त्या चौदांत नाहीत. ते वेगळं विचारावं. हे वाक्य पाठच करा: ‘‘इज देअर मीट, फिश, एग ऑर जिलेटिन इन धिस?’’ उच्चार कसाही होवो, समजतं त्यांना.

बहुतेक पबमध्ये टेबलावर कोणी यादी विचारायला येत नाही. आपला टेबल नंबर लक्षात ठेवून काउंटरवर जायचं, सांगायचं, पैसे द्यायचे. ताट जागेवर येतं. पब म्हणजे निव्वळ दारूचा गुत्ता नव्हे. रविवारी तिथं आजी-नातवंडांसकट कुटुंबं जेवायला येतात. दारू विकायचा परवाना असलेल्या ठिकाणी नळाचं पाणी फुकट द्यावंच लागतं, म्हणून बाटली घेऊ नका, ‘टॅप वॉटर’ मागा. लंडनच्या हॉटेलांत बिलावर बहुधा साडेबारा टक्के सेवाशुल्क लावतात. ते ऐच्छिक असतं. रविवारच्या रोस्टमध्ये शाकाहारी माणसाला नट रोस्ट मिळतो, पण ग्रेव्ही मांसाच्या रसाची आणि बटाटे चरबीतले नाहीत ना, हे पाहावं.

आणखी एक. हे प्रश्न मुलांना विचारायला लावू नका, स्वतः विचारा. पहिल्यांदा जीभ अडखळेल. पण काउंटरवर आईनं स्वतः विचारून घेतलेली थाळी आली की लेकीच्या मनावरचं ओझं उतरतं, आणि पुढच्या रविवारी ‘‘कुठं जायचं?’’ हे आईच विचारते. निघण्याआधी वरच्या फसव्या नावांची चिठ्ठी करून पर्समध्ये ठेवा. मेतकुटाच्या डब्याइतकीच ती उपयोगी पडेल.